तीन रात्री, चार दिवस

कसं असतं म्हणून काय विचारतेस, महानंदा,
तूच तर थापल्या होत्यास त्या कडक भाकरी,
एकावर एक बावीस, जुन्या लुगड्यात बांधून.
धक्क्यावरच्या मशीननं बघितल्या,
मग एका पोरानं हातमोजा घालून बघितल्या,
वाजवून बघितल्या,
आणि बाजूला ठेवल्या. शेंगदाण्याची चटणीसुद्धा.
बाहेरचं चालत नाही, आजी, म्हणाला.
एक्केचाळिशीत आजी!
भाकरीपेक्षा त्याचंच जास्त लागलं.

ह्यांनी सोयाबीनच्या सातशे पिशव्या खपवल्या
म्हणून कंपनीची ही सहल, दोघांची, हिरव्या टोप्यांसकट.
सगळं जहाज निलंगा, औराद, देवणी, जळकोट.
आठव्या मजल्यावर लिफ्ट उघडली
तर समोर चाकूरचे बस्वराजप्पा, खतवाले,
अर्ध्या चड्डीत.
त्यांनी मला बघितलं, मी त्यांना बघितलं,
मग दोघांनी समुद्र बघितला.

नाव नसते गं ती. अकरा मजल्यांचा लॉज,
गालिचे, सोनेरी कठडे, औषधाला माशी नाही.
खोलीत टॉवेलचा हत्ती करून ठेवलेला.
मी तो मोडलाच नाही,
पदरानं अंग पुसलं.
चहा म्हणजे कोमट पाणी आणि दोरीला बांधलेली पुडी.
चहूकडं पाणी, पाण्यात जहाज, जहाजावर हौद,
हौदात उदगीरचा एजंट, काखेत ट्यूब.
मला आपली नळाची पाळी आठवली, अकराव्या दिवसाची.
बोलले नाही कुणाला.

पण सांगायचं ते हे नाहीच.

तुला माहीत आहे, निजताना उशाशी मी तांब्या ठेवते,
तांब्यावर वाटी, वाटीत दोन रुपयांचं नाणं.
पोरं हसतात. हसू देत.
नऊ वर्षांची होते.
गणपती बोळवून आलो होतो, पायाचा चिखल तसाच,
आणि पहाटे चारच्या आत
माळवद खाली आलं.
आता माझ्या माहेराला पाट्या दोन,
जुनं आणि पुनर्वसित.
भाऊबीजेला मी दुसऱ्या गावात जाते.
भाऊ पहिल्यात आहे.

तर तिथंही ग्लासवर ग्लास, त्यात नाणं.
पहिल्याच रात्री वाजायला लागलं,
किणकिण किणकिण, थांबेचना,
पलंग हलतोय, भिंत हलतेय.
ह्यांना दंडाला धरून ओढलं,
पायात चप्पल नाही, डोक्यावर पदर नाही,
गालिच्यावरून पळत जिना, अजून एक जिना.
लिफ्ट घ्यायची नसते अशा वेळी.

वर एक पोरगा फरशी पुसत होता, नेपाळकडचा असेल.
इंजिन है माताजी, म्हणाला,
रातभर चलता है.

हे चिडून खाली गेले.
मी कठड्याला धरून राहिले.
खाली काळं, पुढं काळं.
भिंत नाही कुठं, आढं नाही, माळवद नाही.
पायाखाली जमीनच नाही,
मग ती काय करणार होती माझं?

लोक पाण्याला भितात.
केशरी जाकिटं घालून दाखवली होती आम्हाला, शिट्टी कशी वाजवायची तेही.
मला मात्र वाटलं, बत्तीस वर्षं
मानेवर असलेला एक हात
कुणीतरी उचलला.

उरलेल्या दोन रात्री नाणं पर्समध्ये टाकलं
आणि झोपले.
हे म्हणतात, घोरत होतीस.
गोवा आलं, सगळे उतरले, टोप्या घालून फोटोला.
मी नाही उतरले.
कशाला उतरायचं?

काल आल्यावर परत तांब्या, वाटी, नाणं.
काय करणार, घर जमिनीवरच बांधलंय.

एखाद-दुसरी राहिली का गं भाकरी तुझ्याकडं?
त्या पोरानं फेकल्या नसतील असं वाटतं मला.
भुकेजला असेल तर खाईल,
महिनाभर काही होत नाही त्यांना.